‘लाइव्ह’ प्रोबायोटिक सीरमबद्दल तक्रार, पैसे परत हवेत आणि सरळ उत्तर पण

नमस्कार,

तुमच्या साइटवरून मागवलेल्या प्रोबायोटिक अ‍ॅक्ने सीरमबद्दल लिहितेय. चॅटवर विचारून विचारून कंटाळले, दरवेळी तेच छापील उत्तर येतं, त्यामुळे हा मेल प्लीज कोणीतरी माणसाने वाचा.

सीरम मुलीसाठी घेतलं होतं. बारावीला आहे ती, हनुवटीवर आणि गालांवर पिंपल्स होते, इथल्या स्किनच्या डॉक्टरांनी बेन्झॉइल पेरॉक्साइडची जेल दिलेली आणि तिने फरकही पडत होता, फक्त त्वचा कोरडी पडायची. तुमच्या जाहिरातीत ‘जिवंत गुड बॅक्टेरिया, पिंपल्स मुळापासून बरे’ असं वाचलं म्हणून मागवलं. बॉक्समध्ये एक गुलाबी कार्ड निघालं, त्यावर चक्क लिहिलंय की बेन्झॉइल पेरॉक्साइड बंद करा, ते चांगले बॅक्टेरिया मारतं. पोरीने जेल बंद केली. काही दिवसांतच गालांवर अशा ठणकणाऱ्या गाठी आल्या की रात्री कुशीवर झोपता येईना, कॉलेजला मास्क लावून जायला लागली. आणि तुमचा चॅटवाला म्हणतो हे पर्जिंग आहे, वापरत राहा!

अहो पर्जिंग होतं ते रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या प्रकारची औषधं) नाहीतर त्वचा सोलणाऱ्या अ‍ॅसिडने, त्यात पेशी भराभर झडतात आणि आत दबलेलं पुरळ लवकर वर येतं. तुमच्या बाटलीत यातलं काहीच नाही, मग पर्जिंग कशाचं? डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सीरम बंद करायला लावलं आणि जेल परत सुरू केली.

मग मी बाटली नीट बघितली. एमआरपीचं स्टिकर नखाने खरवडलं तर खाली बारीक अक्षरात घटक निघाले, लॅक्टोबॅसिलस फर्मेंट लायसेट आणि पुढे फिनॉक्सीएथॅनॉल. लायसेट म्हणजे फोडलेल्या पेशींचा अर्क, त्यात जिवंत काय असणार? आणि फिनॉक्सीएथॅनॉल हे प्रिझर्वेटिव्ह, बाटलीत जंतू वाढू न देणं हेच त्याचं काम. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी 2001 मध्येच सांगितलंय की प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात दिल्यावर फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. लायसेटचा काहीच उपयोग नसतो असं मी म्हणत नाही, पण मग तसं लिहा ना, जिवंत कशाला लिहिता? आणि खरंच जिवंत असते तरी अकोल्याच्या मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास असताना, भर दुपारी बाइकवरच्या पिशवीतून आलेल्या पार्सलमध्ये त्यांचं काय झालं असतं ते तुम्हीच सांगा.

जाहिरातीत ‘बॅड बॅक्टेरिया संपवा’ म्हणत क्यूटीबॅक्टेरियम अ‍ॅक्नेसचं राक्षसासारखं चित्र काढलंय, तेही चुकीचं आहे. हा जंतू नितळ चेहऱ्यावरसुद्धा असतोच, त्याचे काही प्रकार पिंपल्सशी जोडलेले आहेत, काही निरुपद्रवी असतात. शिवाय तेल, हार्मोन्स, बंद झालेली छिद्रं हे सगळं आहेच की. वयात येणाऱ्या मुलांना असलं अर्धवट सांगून डॉक्टरांचं औषध सोडायला लावणं याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय.

तुमचं लायसन्स कॉस्मेटिकचं आहे, तेही बाटलीवर छापलंय. 1940 च्या ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स कायद्यात कॉस्मेटिक म्हणजे स्वच्छता आणि सौंदर्यासाठीची वस्तू, रोग बरा करायचा दावा केला की ते औषधात येतं.

मला सीरमचे पूर्ण पैसे आणि डॉक्टरांची फी परत हवी आहे. बाटलीत बॅक्टेरियाचा कुठला स्ट्रेन (नेमका उपप्रकार) आहे, एक्स्पायरीच्या दिवशी त्यातले किती जिवंत असतात, हे लेखी कळवा, नसतील तर ‘लाइव्ह’ शब्द काढा. आणि ते गुलाबी कार्ड बॉक्समध्ये टाकणं आजच्या आज थांबवा, पैशांचं नंतर बघू. आठवड्यात उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रारही करणार.

बिल, बाटलीचे आणि कार्डाचे फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडलीय. बाटली अजून ठेवलीय, तपासायला हवी असेल तर पिकअप पाठवा.

तुमची एक ग्राहक,
अकोला