बुक बाजूला ठेवून ड्रम मागणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

तुमच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर पाटी नाही, आणि असती तरी तुमचं नाव असं चारचौघांत घेतलेलं तुम्हाला आवडलं नसतं. म्हणून नुसतं काका. मी जावळीतला. आषाढात भर पावसात गोणपाटात ब्रेकचे शू, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या कमानी, गुंडाळून साताऱ्याला तुमच्याकडे आलो होतो. गोणपाटाचं पाणी तुमच्या उधारीच्या वहीवर सांडलं, तोच मी. एवढी ओळख पुरावी.

गाडी वडिलांच्या वेळची, जुनी महिंद्रा जीप. केळघर घाट उतरताना एका वळणाच्या तोंडाशी ब्रेकचं पेडल सरळ तळाला गेलं. मागच्या चाकाचा सिलिंडर, ब्रेक ऑइलच्या दाबानं शू ढकलणारा, गळला होता. या जुन्या जीपला ब्रेक ऑइलची लाइन एकच. एक चाक गळलं की चारही चाकांचा ब्रेक गेला. दुसऱ्या गिअरला होतो आणि हँडब्रेक शाबूत होता म्हणून हे पत्र लिहितोय. आमच्या जीपचा हँडब्रेक चाकांना नाहीच, तो गिअरबॉक्सला जोडलेल्या ट्रान्सफर केसच्या मागं प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्याला, धरतो. त्याचा ब्रेक ऑइलशी काही संबंध नाही. पंपिंग करून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी गाडी डोंगराच्या बाजूला गटारात घातली आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

पुढचे तीन आठवडे पार्ट शोधण्यात गेले. आरसी बुक दाखवायचं, मॉडेल सांगायचं, समोरचा खोका काढून द्यायचा. पहिले शू नऊ इंची ड्रमचे निघाले. दुसऱ्या ठिकाणाहून मागवले, तेही नऊ इंचीच. व्हील सिलिंडर चार आले, चारही एकाच मापाचे. परत घ्यायला कुणी तयार नाही. "जीपचाच पार्ट आहे की" एवढंच उत्तर. खोटं तरी कसं म्हणू? जीपचाच होता, माझ्या जीपचा नव्हता.

तुमच्याकडेही मी आधी बुकच काढलं. तुम्ही ते न उघडता माझ्याकडं सरकवलंत. "पाव्हणं, बुक कुणाचंबी असू द्या, ड्रम कुणाचा हाय ते सांगा." मला सांगता येईना. "मग ड्रम घिऊन या." दुकानात खोके रचलेले, मी पैसे घेऊन उभा, आणि तुम्ही रिकाम्या हातानं परत पाठवलंत. आता कबूल करतो, पोवई नाक्यापर्यंत तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालत गेलो.

दुसऱ्या दिवशी पुढचा एक ड्रम, मागचा एक, चारही चाकांचे शू आणि जुने सिलिंडर घेऊन आलो. तुम्ही ड्रममध्ये पट्टी आडवी धरलीत आणि हसलात. अकरा इंच. आमच्या आधीच्या मालकानं कधीतरी दोन्ही हाऊसिंग, म्हणजे पुढचा-मागचा अख्खा आस ब्रेकसकट, नंतरच्या गाडीची बसवली होती. बुकात एक गाडी, खाली दुसरी. वडिलांनाही हे ठाऊक नसावं.

मग शूंची जोडी लावायला घेतलीत, आणि मला वाटतं खरा धडा तिथं होता. एका शूचा लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा पट्टा, आखूड, दुसऱ्याचा लांब. अकरा इंची ब्रेकला खालची टोकं कशाला जखडलेली नसतात, मध्ये फक्त ॲडजस्टर. पुढचा शू ड्रमबरोबर थोडा फिरतो आणि मागच्याला ढकलतो, मग मोठा जोर मागचा शूच लावतो. म्हणून आखूड पुढं, लांब मागं. माझ्या पोत्यात काय होतं? डाव्या चाकाचे दोन्ही लांब, उजव्याचे दोन्ही आखूड! कुणीतरी "सारखे सारखे" जोडीनं बसवले होते. कित्येक वर्षं आमची गाडी ब्रेक मारला की एका बाजूला ओढायची आणि आम्ही दर वेळी अलाइनमेंटला पैसे घालायचो. यावर तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं चष्म्यावरून पाहिलंत. बोलला असता तर बरं झालं असतं.

सिलिंडरचं तसंच. जुने उघडून आतल्या बोअरमध्ये व्हर्निअर घातलात: पुढचे एक इंचाचे, मागचे सात सूत (आठ सुतांचा एक इंच). मी म्हणालो, एका सुताचा तर फरक. तुम्ही वहीच्या भिजलेल्या पानावर गणित मांडलंत. जोर व्यासावर नाही, क्षेत्रफळावर जातो. सात सुताचा पिस्टन एक इंचापेक्षा जवळपास पाव जोर कमी लावतो. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात. तिथं चारही एक इंचाचे बसवले असते तर ओल्या घाटात मागची चाकं आधी जाम, आणि मग गाडीचं तोंड कुठं फिरेल ते देव जाणे.

एका नव्या सिलिंडरला मी ब्रेकच्या पाइपचा नट हातानं लावून पाहिला, दोन आटे सहज गेले, मी खूश. तुम्ही लगेच उलटा फिरवून काढलात. नट इंची, तीन सुताचा, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. भोक दहा मिलिमीटरचं. आटे जवळजवळ सारखे, म्हणून फसायला होतं. पाना लावून आवळला असता तर बसलाही असता, आणि भर ब्रेकला सुटला असता.

एवढं सगळं सांगून विकलंत काय? शूंचा एक सेट, सिलिंडरच्या आतल्या रबरांचं किट आणि ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा. जुन्या सिलिंडरना खड्डे नाहीत, घासून किट टाकलं की चालतील, असं म्हणून नवे दिलेच नाहीत. रबर पेट्रोलनं धुऊ नको, फुगतं, हे तीनदा बजावलंत. ड्रम लेथवर द्यायला पाठवलंत आणि वर सांगितलंत, दीड मिलिमीटरच्या पुढं कापायला लागला तर भंगारात टाक, माया करू नको.

सगळं बसवलं, ब्रेकच्या लाइनमधली हवा काढली. मुलगा पेडल दाबायला आणि मी चाकाखाली, अख्खी दुपार. नव्या लायनरची आणि कापलेल्या ड्रमची गाठ पडेपर्यंत आठवडाभर गावातच फिरवली. गेल्या रविवारी केळघर घाट उतरलो. त्याच वळणावर मुद्दाम ब्रेक मारला. गाडी सरळ उभी राहिली.

मापं लिहिलेला तुमच्या वहीचा तो कागद आता आरसी बुकच्या प्लास्टिकमध्ये आहे, बुकाच्या वरच्या बाजूला.

आणि हो, तुमचा व्हर्निअर चुकून माझ्या पोत्यात आलाय. भात निघालं की इंद्रायणीच्या पायलीबरोबर आणून देतो. तोवर माप घ्यायचं अडलं तर शेजारच्या लेथवाल्याकडून मागून घ्या, आणि मला माफ करा.

तुमचा,
गोणपाटवाला