तीन म्हणजे साठ टक्के नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुलैत इकडे अमेरिकेत एपी, म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षांचे रिझल्ट लागतात आणि लगेच पुण्या-नाशिकहून आजी-आजोबांचे फोन सुरू होतात, हिस्ट्रीत किती पडले म्हणून, आणि पोरीने तीन सांगितलं की पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्केच ना, असा हिशोब होतो. आम्ही न्यू जर्सीतले आईबाप पण तेच करतो आणि पोरांना उगाच बोलणी बसतात, म्हणून हे पत्र.

एपी यूएस हिस्ट्रीचा पेपर सव्वातीन तासांचा. 55 ऑब्जेक्टिव्ह प्रश्नांना 40 टक्के वजन, त्यात निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे येत नसलं तरी अंदाजाने उत्तर टाकायचंच. तीन छोट्या उत्तरांना 20, मोठ्या निबंधाला 15 आणि कागदपत्रांवरच्या निबंधाला, ज्याला पोरं डीबीक्यू म्हणतात, 25. हे सगळं त्या त्या वजनाने एकत्र करून मग 1 ते 5 मधला एक आकडा देतात, म्हणजे तो टक्का नाहीच, कॉलेजचा तो कोर्स या मुलाला कितपत झेपेल याचा अंदाज आहे, आणि तीन म्हणजे झेपेल.

खरी गंमत डीबीक्यूत आहे. सात कागद देतात आणि एकूण गुणही सातच. मुद्दा ठामपणे मांडला की 1, त्या काळाची पार्श्वभूमी दिली की 1, कागदांचा वापर केला त्याचे 2, कागदांबाहेरची माहिती 1. समजा त्यात एका गुलाम बाळगणाऱ्या मळेवाल्याचं पत्र आहे, तर त्यातलं वाक्य नुसतं उतरवून काही मिळत नाही, ते आपल्या मुद्द्याला जोडावं लागतं, आणि हा माणूस हे कुणाला आणि कशासाठी लिहितोय हे दोन कागदांबाबत नीट सांगितलं तर आणखी 1. सातवा गुण सगळ्यात अवघड, विषयाची गुंतागुंत दाखवल्याचा. पुरवण्यांवर पुरवण्या जोडून इथे काहीच होत नाही हो! आणि हे निकष आधीच जाहीर असतात, जूनमध्ये हाच विषय शिकवणारे शिक्षक-प्राध्यापक त्यावरून निबंध तपासतात. मला हे फार आवडतं, इतिहास पाठ करण्यापेक्षा पुरावा तपासायला शिकणं कितीतरी मोलाचं.

राहता राहिलं क्रेडिट, म्हणजे या गुणांवर कॉलेजने तो कोर्स झाला असं धरणं. बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिट्या तीनला पण देतात, नावाजलेल्या खासगी कॉलेजांत चार किंवा पाच मागतात, काही तर देतच नाहीत, तेव्हा पोराला बोलण्याआधी त्या कॉलेजची वेबसाइट बघा. तुमच्या शिक्षणाच्या पानावर या परीक्षेबद्दल एकदा सविस्तर छापा ही विनंती, इथल्या नातवंडांचे आजी-आजोबा तुमचाच पेपर वाचतात.

– एक पालक, एडिसन, न्यू जर्सी