सीटखालचा स्विच ‘डायरेक्ट’ करू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे बसून चालवायचं गवत कापायचं मशीन आहे, राइडिंग मोअर म्हणतात ते, जुनं आहे पण इंजिन अजून ठणठणीत आहे, आणि दुरुस्तीच्या नावाखाली त्याच्या वायरिंगचं जे केलं गेलं ते बाकीच्यांच्या मशीनचं होऊ नये म्हणून हे पत्र लिहितेय. पत्र लांबलंय, त्याबद्दल आधीच माफी मागते.

झालं असं की किल्ली फिरवली की नुसता एकदा ‘टक’ असा आवाज यायचा आणि पुढे काहीच नाही, सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरायचाच नाही. पहिल्यांदा आम्ही बॅटरी बदलली. दोन दिवस चाललं आणि परत तेच. मग सॉलेनॉइड बदलला, म्हणजे तो बॅटरी आणि सेल्फच्या मधला रिले, तरी तेच. शेवटी एका मेकॅनिकला बोलावलं, त्यांनी सीट उचलली, खालच्या सेफ्टी स्विचच्या (सीटवरून उठलं की इंजिन बंद करणारा तो स्विच) दोन वायरी काढून स्विच मधून वगळला, वायरींवर टेप गुंडाळली आणि म्हणाले, स्विच डायरेक्ट केलाय, आता त्रास नाही. आणि खरंच मशीन चालू झालं! चौथ्या दिवशी परत बंद. पण त्या चार दिवसांत माझा धाकटा भाऊ गवत कापत असताना वाटेत पडलेली फांदी बाजूला करायला सीटवरून उठला, इंजिन आपोआप बंद पडेल या भरवशावर, आणि ते बंद पडलंच नाही, खाली पाती गरगर फिरत राहिली आणि त्याचा पाय डेकपासून, म्हणजे पात्यांवरच्या झाकणापासून, वीतभर लांब होता. त्या दिवशी मी मल्टिमीटर आणला आणि वायर न् वायर स्वतः समजून घ्यायची असं ठरवलं.

आता जे समजलं ते सांगते. या मशीनवर दोन वेगळ्या वाटा असतात आणि बहुतेक गोंधळ त्या एकच समजल्यामुळे होतो. एक वाट सेल्फची, बॅटरीपासून फ्यूज, किल्ली, ब्रेकच्या पेडलचा स्विच, पात्यांचा स्विच, आणि तिथून बारीक वायरीने सॉलेनॉइड. दुसरी वाट ठिणगीची. या इंजिनांवर बहुतेक वेळा मॅग्नेटो असतो, म्हणजे इंजिन फिरलं की स्वतःच ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल, त्याला ठिणगी द्यायला बॅटरी लागतच नाही, फक्त इंजिन बंद करायचं असलं की त्याची एक वायर बॉडीला टेकवली जाते. सीटखालचा स्विच बहुतेक मशीनवर या दुसऱ्या वाटेवर असतो (काही मशीनवर सेल्फच्या वाटेतही असतो, म्हणून आपल्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा बघावा). म्हणजे आमच्या मशीनवर ‘टक’ आवाज येत होता याचाच अर्थ फ्यूज, किल्ली, ब्रेकचा स्विच, पात्यांचा स्विच सगळं ठीक होतं, आणि सीटच्या स्विचचा तर या दुखण्याशी काही संबंधच नव्हता. तरी हात पहिला त्यालाच लागला.

आवाज नीट ऐकला तर अर्धं निदान तिथेच होतं हो. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज नाही, तर फ्यूज, किल्ली, ते दोन स्विच किंवा बारीक वायर बघायची. टकटकटकटक असा भराभर आवाज आला तर बहुतेक बॅटरी उतरलीये. आणि एकच दणदणीत ‘टक’ आणि मग शांतता, तर जाड केबली, त्यांचे बोल्ट, सॉलेनॉइडच्या आतले पॉइंट किंवा सेल्फ स्वतः.

आमचा दोष कुठे होता? अर्थिंगमध्ये. बॅटरीची निगेटिव्ह केबल सीटखाली चासीला, म्हणजे मशीनच्या लोखंडी सांगाड्याला, एका बोल्टने बसवलेली असते, तो बोल्ट वरून बरा दिसत होता पण खोलून पाहिला तर वॉशरच्या खाली पापडासारखा गंज, आणि त्याखाली चासीचा रंग. सॉलेनॉइडला थोडा करंट लागतो, तेवढा त्या गंजातून जायचा म्हणून ‘टक’ व्हायचं, पण सेल्फला शंभर अँपिअरच्या आसपास लागतो आणि तो कुठून जाणार? दर वेळी बॅटरी काढताना, सीट उचलताना तो बोल्ट थोडा हलायचा, म्हणून दोन दिवस चालायचं, आणि श्रेय मिळायचं नव्या पार्टला.

हे मीटरवर दोन मिनिटांत दिसतं म्हणून ते सविस्तर लिहिते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (केबलच्या टोकावर नाही, खुद्द शिशाच्या खुंटीवर), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्या कुणालातरी किल्ली फिरवायला सांगायचं. आकडा 0.2 ते 0.3 च्या वर जायला नको. आमच्याकडे 4 च्या वर गेला. बारा व्होल्टमधले चार व्होल्ट एका गंजलेल्या बोल्टवर खर्च होत होते! पॉलिश पेपरने चासी चकचकीत होईपर्यंत घासली, नवा बोल्ट लावला, वर ग्रीस लावलं, झालं. आणि हो, केबल काढताना आधी निगेटिव्ह काढा आणि बसवताना ती शेवटी बसवा, नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना चासीला टेकला की ठिणग्या उडतात.

बॅटरीही मोजूनच बदला. काही तास निवांत ठेवलेली पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, 12 च्या खाली गेली की उतरलीच समजा, आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली घसरत असेल तर तिच्यात दम नाही. बॅटरी चांगली असून सारखी उतरत असेल तर इंजिन फुल रेसवर ठेवून परत मोजा, साडेतेरा ते साडेचौदा यायला हवेत. 12.4 वरच अडकलं तर चार्जिंग होत नाहीये, पण रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा पार्ट) टाकून द्यायच्या आधी त्याचे बसवायचे स्क्रू बघा, कारण बऱ्याच रेग्युलेटरला अर्थ त्याच्या बॉडीतूनच मिळतो आणि तिथेही हाच गंज असतो.

फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा तार घालायचा मोह होतो, ते कृपा करून करू नका, वायरी जळतात. त्यापेक्षा फ्यूजच्या जागी हेडलाइटचा 12 व्होल्टचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तोवर तो झगझगीत पेटतो, मग एकेक वायर हलवत जा, स्टिअरिंगच्या दांड्याजवळ, सायलेन्सरजवळ, पायाखालच्या पत्र्याखाली, जिथे हात लावल्यावर बल्ब मंद होईल किंवा विझेल तिथे वायर सोललेली आहे. उंदरांनी बॉनेटखाली घरटं केलेलं असेल तर सुरुवात तिथूनच करा.

ठिणगीच येत नसेल तर कॉइलची ती बंद करायची बारीक वायर तपासण्यापुरती काढून बघा. ठिणगी आली तर कॉइल चांगली, दोष वायरीत किंवा स्विचमध्ये, तपासून झालं की वायर लगेच परत लावा कारण तिच्याशिवाय किल्लीने इंजिन बंद होत नाही. आणि त्या वायरीला कधीही बॅटरीचे बारा व्होल्ट देऊ नका, कॉइल जळू शकते.

मेकॅनिक लोकांबद्दल माझ्या मनात राग नाही, घाईत असतात, गिऱ्हाईकाला मशीन चालू झालेलं बघायचं असतं. पण सेफ्टी स्विच डायरेक्ट करून मशीन परत देणं ही दुरुस्ती नाही, आणि करायचंच असेल तर तपासण्यापुरतं, पाती बंद ठेवून, आणि लगेच पूर्ववत. आपल्या पेपरात घरगुती यंत्रांवर कधी सदर आलं तर हा मुद्दा त्यात जरूर घ्यावा ही विनंती.

ज्यांच्याकडे असं मशीन आहे त्यांनी, विशेषतः सेकंडहँड घेतलं असेल तर, एवढं आजच करा. सपाट जागेवर, आसपास कुणी नसताना, इंजिन चालू, पाती चालू, पाय मशीनवरच ठेवून सीटवरून फक्त थोडं वर उठा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. नाही पडलं तर किल्ली फिरवून बंद करा, किल्ली काढून घ्या आणि सीटखाली टेप गुंडाळलेल्या दोन वायरी शोधा.

आपली,
एक वाचक