सातवा हात

५ सप्टेंबर २०२०

प्रिय बाबल्या,

तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतोस आणि गप्प राहतोस, म्हणून शेवटी पोस्टाचं पाकीट आणलं. सात ऑगस्टच्या रात्री तू फोन ठेवलास, त्याला महिना होत आला. एवढा अबोला आपल्यात एकदाच झाला होता, बांधाच्या भांडणात. पण त्या वर्षीसुद्धा चवथीला तू आमच्या घरी आरतीला आलास, माझ्याकडे न बघता पखवाज ओढून घेतलास आणि बसलास. यंदा तेही नाही.

इकडे सगळे बरे आहेत. आयेचा गुडघा आहे तसाच. तुझ्या आयेची साखर आता कशी आहे ते कळव. पोरीचा दहावीचा निकाल कळला, तिला माझी शाबासकी दे. कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द, तो न देता पास होण्याचं भाग्य बापाला मिळालं नाही ते मुलीला मिळालं! कावेरी नदी तू गुजरातेत नेऊन सोडली होतीस, ते मास्तर अजून सांगतात.

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो.

त्या रात्री मी तुला म्हटलं, गावचा ठराव झालाय, कोरोना आहे तोवर मुंबईहून येणाऱ्याने चौदा म्हणजे चौदा दिवस वेगळं राहायचं. तू म्हणालास, शासनाने दहा दिवस काढलेत, मग तुम्ही कोण मोठे लागून गेलात? मी म्हटलं, माझ्या हातात काही नाही. बाबल्या, ते खोटं होतं. माझ्या हातातच होतं.

सहा तारखेला संध्याकाळी देवळाच्या मंडपात गावच्या कोरोना कृती दलाची बैठक होती. लांब लांब खुर्च्या टाकलेल्या, प्रत्येकाच्या तोंडाला फडकं, आणि पाऊस असा की ओरडून बोलावं लागत होतं. आधी जिल्ह्याचं ठरलं होतं की मुंबईच्या चाकरमान्यांनी सात ऑगस्टच्या आत यावं आणि चौदा दिवस वेगळं राहावं. मग चार तारखेला मुंबईहून जाहीर झालं की दहा दिवस पुरेत, बारा तारखेपर्यंत या, एसटी सोडतो, जिल्हा ओलांडायचा ई-पास एसटीला नको. सरपंच म्हणाले, आता गावाने काय करायचं ते गावाने ठरवा.

तिठ्यावरचा रिक्षावाला पहिला उठला. म्हणाला, मार्चपासून स्टेशनचं भाडं नाही, गणपतीच्या पंधरा दिवसांवर माझे वर्षाचे हप्ते निघतात, माणसं येऊ देत. दुकानवाल्याने गूळ, तेल, डाळ भरून ठेवली होती. भजनाच्या बुवांनी तर हात जोडले. त्यांची डबलबारी नाही, घरोघरची भजनं नाहीत, आणि शेती दोन कुणग्यांची. मग गावच्या आरोग्याचं काम बघणारी आशाताई बोलली. तिने वाडीवाडीचा कागद काढला आणि कुठल्या घरात साठीच्या वरची किती माणसं ते वाचायला लागली. आपल्या वाडीत एक घर तसं नाही असं निघालं नाही. ती म्हणाली, माझ्याकडे ताप बघायचं एक यंत्र आणि बोटाला लावायचं एक. त्याच्यापुढे काय लागलं तर ओरोसचं जिल्हा रुग्णालय. रात्री दोनला गाडी कोण काढणार ते आत्ता सांगा.

मंडपात कोणी बोललं नाही. आम्ही तेरा जण होतो. दहा दिवसांच्या बाजूने सहा हात वर झाले. चौदाच्या बाजूनेही सहा. सरपंचांनी माझ्याकडे बघितलं.

तुझी रजा दहा तारखेपासून आहे हे मला माहीत होतं. तूच सांगितलं होतंस, मार्चपासून एक दिवस घरी न बसता बसमध्ये तिकिटं फाडलीस तेव्हा कुठे साहेबाने सही केली. दहाला निघून दहा दिवस इथल्या शाळेत वेगळं राहून काढले असतेस तर वीसला मोकळा झाला असतास. बावीसला चवथ. चौदा धरले तर चोवीस तारीख. हा हिशोब माझ्या डोक्यात झालेला होता आणि तो झालेला असताना मी हात वर केला, चौदासाठी.

एवढंच असतं तरी मी तुला कधीच सांगून टाकलं असतं. आयेसाठी केलं म्हटलं असतं, आणि तू चिडला असतास पण समजला असतास, तुझीही आई आहे. पण जुलैच्या बैठकीत मी चाकरमान्यांच्या बाजूने बोललो होतो. तेव्हा मागून एकजण म्हणाला, ह्याच्याकडे मूर्ती बसवायला येणारे लोकांचे पाट अडकलेत म्हणून ह्याला पुळका आलाय. लोक हसले. ते माझ्या इतकं जिव्हारी लागलं की महिनाभर झोपताना आठवायचं. बाबांच्या वेळेपासून गणपतीच्या मूर्ती करायची शाळा चालवतो, कोणाकडे पैसे राहिले म्हणून मूर्ती अडवून ठेवली नाही, आणि मला हे ऐकावं लागलं. आता रात्री पडल्यावर हाच विचार असतो. हात वर केला तो आयेचा श्वास डोळ्यांपुढे होता म्हणून, की त्या माणसाला दाखवायला की बघ, मला माझ्या पाटांची पर्वा नाही? दोन्ही असेल. किती कुठलं ते मला वेगळं काढता येत नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणते, झालं ते झालं. सरपंच म्हणतात, गावात एकही केस नाही, म्हणजे तू बरोबर होतास. पण केस नसणं आणि माझं मन साफ असणं ह्या दोन गोष्टी आहेत. हे तुझ्याशिवाय कोणापुढे बोलू?

पुढचं ऐक. नऊ तारखेला माझा धाकटा भाऊ आला. परळहून एसटीने, बावीस माणसांची गाडी. त्याचं हॉटेल मार्चपासून बंद, नंतर फक्त पार्सल चालू झालं तेव्हा मालकाने दोघांना ठेवलं आणि बाकीच्यांना घरी पाठवलं. गावकीच्या मुंबईतल्या खोलीत नऊ जण होते म्हणे. तुला ती खोली सांगायला नको, त्या माळ्यावर डोकं आपटून तुझ्या कपाळाला झालेली खूण अजून आहे. पाच महिने तो तिथे राहिला आणि घरी पैसे पाठवता येत नाहीत म्हणून फोनसुद्धा कमी करत गेला. आला तो सरळ शाळेत. आपल्या चौथीच्या वर्गात त्याची चटई, भारताच्या नकाशाखाली. एकूण सतरा माणसं होती. मी रोज डबा पायरीवर ठेवून मागे सरायचो, मग तो येऊन उचलायचा.

नऊ आणि चौदा, तेवीस. चवथ बावीसला. एक दिवस!

सगळा गाव मला सांगायला आला. चौदाला हात वर केलेले लोकसुद्धा म्हणाले, अरे भाव आहे तुझा, ताप नाही, खोकला नाही, एका दिवसाने काय होतंय, आम्ही बघितलं नाही म्हणू. आये बोलली ते मला जन्मभर आठवेल: ‘तुझ्या बापाशीन येदी वर्सा शाळा चलवल्यान, पण चवथीक घरच्या माणसाक भायर नाय ठेवल्यान.’ मी तिला काय सांगणार? मला त्याला घरी आणायचंच होतं. शाळेच्या गेटपर्यंत गेलो होतो आदल्या रात्री. पण ज्याला मी चौदा दिवस म्हणून सांगितलं तो मुंबईत बसलाय आणि मी माझ्या भावाला तेरा दिवसांनी घरी नेऊ? मग तुला तोंड कुठलं दाखवू? मी परत फिरलो. त्याला तुझ्यामुळे ठेवला, बाबल्या. हे आयेला सांगितलेलं नाही, सांगितलं तर ती तुला शिव्या देईल आणि त्यात तुझा काही दोष नाही.

चवथीला सकाळी पाऊस होता. ढोल नाही, ताशे नाहीत, एकेका घरचा एकेक माणूस तोंडाला फडकं बांधून येत होता आणि मूर्ती डोक्यावर घेऊन छत्रीखालून जात होता. आमचा गणपती मी नेला. शाळेशी आलो तर धाकटा खिडकीत गज धरून उभा. ‘दादा, वायच थांब,’ म्हणाला. मी कुंपणाशी थांबलो. डोक्यावर ओझं, प्लास्टिकवरून पाणी मानेवर गळतंय. त्याने हात जोडले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, ‘सोंड बरी जमली हां औंदा.’ लहानपणी बाबा त्याला फक्त उंदराचे डोळे रंगवायला द्यायचे, ते आठवलं. दुपारी मोदक पायरीवर ठेवले. घरी आयेने त्याचं पान मांडलं होतं, ते तसंच राहिलं, आणि तीही तशीच उठली. अजून माझ्याशी ती कामापुरतं बोलते.

धंद्याचं विचारशील म्हणून लिहितो. दरवर्षी चौसष्ट पाट येतात, यंदा एक्केचाळीस आले. घरगुती मूर्ती दोन फुटांच्या आत असा नियम आला तेव्हा चार मूर्ती उंच झालेल्या होत्या, त्या मोडून पुन्हा केल्या. शाडू आधीच आणून ठेवला होता म्हणून बरं. काही जणांनी फोनवरून सांगितलं, यंदा येणं नाही, भावकीला सांगून पूजा करून घेतो, मूर्ती लहान कर. काहींनी इसार परत मागितला, दिला. तीसेक हजारांची खोट आहे, काजूवर भागेल. तिकडे लालबागच्या राजाचीसुद्धा मूर्ती यंदा बसली नाही, रक्तदान चालू होतं असं ऐकलं. तुझ्या भांडुपच्या मंडळाने काय केलं?

आता तुझ्या पाटाचं. तू ‘कर’ म्हणालास नाहीस आणि ‘नको’ही म्हणालास नाहीस. तुझ्या तात्यांनी तांबड्या रंगाने नाव घातलेला तो पाट इतकी वर्षं आमच्याच माळ्यावर असतो. नागपंचमीला खाली काढला होता. तुझा फोन झाल्यावर दोन दिवस त्याच्याकडे बघवलं नाही, मग मातीला बसलो. नेहमीची तुमची बैठक, डावा पाय खाली, पितांबर पिवळा. सोंड विशेष जपली. मांजराने मोडली म्हणून तू बाबांना सांगितलं होतंस ती सोंड! त्या वर्षी आमच्याकडे मांजर नव्हतं, बाबांना ठाऊक होतं, तरी बाबा काही बोलले नाहीत.

काकीकडून चावी घेतली. दार पावसाने फुगलेलं, खांदा लावून उघडलं. आत तो बंद घराचा वास, आणि ओटीवर तुझ्या आयेची काठी. पोराला घेऊन झाडलं, सारवलं. गणपतीच्या वर माटवी बांधली. कवंडळं, तेरडा, आंब्याचे टाळे, सुपारीचं एक शिपटं, सगळं तुमच्याच परड्यातलं. भटजी फोनवर मंत्र सांगत होते, स्पीकर लावून पोराने मोबाईल धरला होता. मध्येच रेंज गेली, तेव्हा मी नुसता अक्षता घेऊन बसून राहिलो. भावकीला विचारून दीडच दिवस ठेवला, तुझ्या घराची सात दिवसांची रीत मोडली, ती चूक माझ्या नावावर.

मग गाऱ्हाणं घालायची वेळ आली. तुमच्या ओटीवर गाऱ्हाण्याला तीस-चाळीस माणसं असतात, तात्यांचा आवाज वहाळापर्यंत जायचा. मी सुरू केलं. ‘बा देवा म्हाराजा, ह्या घरचो झील औंदा येवक गावलो नाय. तेचा काय चुकला नाय. त्येका जेणी अडवलो, तो आज तुझ्या पुढ्यात हुबो आसा. काय चूकभूल झाली आसात ती त्येच्या पदरात नको, माझ्या पदरात घाल रे म्हाराजा.’ आणि थांबलो. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कोणी नव्हतं. पोर माझ्याकडे बघत राहिलं, मग एकट्याच्या बारीक आवाजात म्हणालं, ‘व्हय म्हाराजा.’

आता दोन तारखेपासून ई-पास गेला. कालच एका घरी तीन गाड्या आल्या, पितृपक्षातल्या म्हाळासाठी. कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. दहा दिवसांपूर्वी ज्याला पाप म्हणत होतो ते आज नुसतं गाडीतून उतरून ओटीवर येतं, हे कसं समजून घ्यायचं ते तू सांग. आशाताई अजून रोज फिरते. तिच्याकडे बघितलं की वाटतं हात बरोबर वर गेला. आये ताट बाजूला सारते तेव्हा वाटतं चुकला.

धाकटा तेवीसला घरी आला. सध्या माझ्याबरोबर लावणीची बेणणी काढतो आणि हॉटेलं कधी उघडतील ते रेडिओवर ऐकतो. तुझ्यावर त्याचा अजिबात राग नाही, आणि माझ्यावरही नाही म्हणतो.

तू शिव्या दे, पण फोनवर दे.

तुझा,
गुंडू

ता. क. विसर्जनाहून येताना पाटावर वहाळाची वाळू आणली, ती तुमच्या तुळशीत घातली. पाट धुऊन परत आमच्या माळ्यावर. आठ तारखेला नारळाचा ट्रक मुंबईला निघतोय, त्यात तुझ्यासाठी गोणी आहे: वीस नारळ, आगळाची बाटली, आणि आयेने दिलेलं कुळथाचं पीठ. ड्रायव्हर भांडुप स्टेशनच्या बाहेर पहाटे थांबेल, त्याच्याकडे तुझा नंबर दिलाय. त्याचा तरी फोन उचल.