धोक्याची पाटी दारावर, धोका मात्र आत

माननीय संपादक,
स. न.

कामाच्या ठिकाणी विजेचा अपघात झाला की जुनाट वायरिंग आणि कामगाराचा निष्काळजीपणा या दोनच गोष्टींवर बोट ठेवले जाते. पाटीकडे कुणाचे लक्ष जात नाही, कारण ती लावलेली असतेच; ती नेमकी कुठे आहे आणि तिच्यावर काय लिहिले आहे, हे सहसा विचारले जात नाही. विद्युत देखभालीच्या कामात अनेक वर्षे घालवल्यामुळे त्याविषयी लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी माझा एक सहकारी विजेच्या पॅनेलमधले सैल झालेले टर्मिनल, म्हणजे तार जोडायची जागा, घट्ट करत होता. मेन स्विच त्याने स्वतः बंद केला होता आणि खालच्या बाजूला वीज नाही हे टेस्टर लावून पाहिलेही होते. परंतु बाहेरून येणारी केबल ज्या वरच्या टर्मिनलांना जोडलेली असते, तिथली वीज तो स्विच बंद करून जात नाही. स्क्रू ड्रायव्हर निसटून दोन फेजना, म्हणजे वीज असलेल्या दोन जोडण्यांना, एकदम टेकला, डोळे दिपवणारा लोळ उठला, स्क्रू ड्रायव्हरचे टोक वितळले आणि त्याचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. कवटी आणि हाडांचे चित्र असलेली पाटी दारावर होती. पण दार पूर्ण उघडल्यावर तिचे तोंड भिंतीकडे गेले होते आणि आत, त्या टर्मिनलांपाशी, एक अक्षरही नव्हते. ‘मेन स्विच बंद असतानाही येथे वीज असते’ एवढे तिथे लिहिलेले असते, तर त्याने मागचा पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय हात घातला नसता, याची मला खात्री आहे. खरे तर त्या टर्मिनलांवर झाकणच हवे होते, आणि ही सूचना त्या झाकणावर.

पिवळा त्रिकोण, काळी किनार आणि मधोमध विजेचा काळा बाण हे आयएसओ ७०१० या मानकातले चिन्ह वाचता न येणाऱ्यालाही समजते, म्हणून ते असावेच. मात्र ते फक्त येथे वीज आहे एवढेच सांगते. स्विच बंद केल्यावर काय उरते, हे शब्दांतच सांगावे लागते. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमधील कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, पुरवठा तोडल्यावरही काही मिनिटे भारित राहतात, तेव्हा किती मिनिटे थांबायचे ते त्यावर लिहिलेले हवे. जनरेटर किंवा यूपीएसचा दुसरा पुरवठा असेल तर तो कुठून बंद होतो तेही हवे. सौर पॅनेलवर ऊन असेपर्यंत त्याच्या केबलमध्ये विजेचा दाब असतोच, हे तर अनुभवी वायरमनच्याही ध्यानात राहत नाही.

हाताला बसलेल्या झटक्यावरून शिकू, असे विजेच्या बाबतीत म्हणता येत नाही. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि पकडलेली तार सोडता येत नाही. ५० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह सेकंदभर छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणून सूचना हात पोहोचण्याआधी नजरेला पडली पाहिजे.

दुसरी तक्रार ‘काम चालू आहे, स्विच चालू करू नये’ या टांगत्या पाटीबद्दल आहे. काम संपून महिना झाला तरी ती लोंबकळत राहते आणि मग खरोखर कुणी आत काम करत असतानाही तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. तिच्यावर काम करणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ असावी, तिच्यासोबत स्विचला कुलूप असावे आणि ज्याने ते लावले त्यानेच ते काढावे.

कारखाने, कार्यालये आणि रुग्णालये यांच्या व्यवस्थापनांना माझी विनंती आहे की, पाट्यांची तपासणी दारे बंद ठेवून करू नये. आपल्या वायरमनला सोबत घ्यावे, प्रत्येक पॅनेलचे दार पूर्ण उघडावे आणि तो जिथे उभा राहून काम करतो तिथून त्याला काय वाचता येते, ते त्यालाच विचारावे.

आपला विश्वासू,
एक विद्युत तंत्रज्ञ