संगणकाच्या जुळणीला मुहूर्त कोणता?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

येत्या १९ मार्चला गुढीपाडवा आहे आणि मुहूर्ताच्या खरेदीच्या पानभर जाहिराती आता कधीही सुरू होतील. सोने, दुचाकी आणि फ्रिज यांच्या पंगतीत अलीकडे 'गेमिंग पीसी'ही, म्हणजे सुटे भाग जुळवून केलेला खेळांसाठीचा संगणकही, येऊन बसला आहे. दहावी-बारावीच्या परीक्षा संपताच घरोघरी त्यावरून वाटाघाटी होतील आणि बहुतेक ठिकाणी 'पाडव्याला बघू', 'नाहीतर दिवाळीत घेऊ' असा तह होईल. मी वीज खात्यातून निवृत्त झालेला अकोल्याचा रहिवासी असून संगणकाचा व्यापारी नाही. मात्र गेल्या तीन वर्षांत घरात असे दोन संगणक आले, त्यांपैकी एक फसला आणि एक जमला. त्या अनुभवावरून मला असे सांगायचे आहे की, सण किंवा सवलत पाहून या वस्तूची वेळ ठरवणारा ग्राहक बहुधा तोट्यात जातो. तिची वेळ तिच्या सुट्या भागांच्या बाजारावरून आणि आपल्या टेबलावरच्या मॉनिटरवरून ठरवावी लागते.

गेल्या वर्षीचेच उदाहरण ताजे आहे. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी वस्तू व सेवा कराच्या फेररचनेची घोषणा केली आणि दिवाळीपर्यंत सगळेच स्वस्त होणार, असा समज पसरला. आमच्या कॉलनीतील दोन कुटुंबांनी ठरलेली संगणकखरेदी त्यामुळे पुढे ढकलली. नवे दर २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी लागू झाले. त्यात ३२ इंचांहून मोठे टीव्ही आणि मॉनिटर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले, परंतु प्रोसेसर, मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा बोर्ड), रॅम (चालू कामापुरती मेमरी) आणि ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र रंगवणारा भाग) हे सारे आधीपासूनच १८ टक्क्यांत होते व तिथेच राहिले. खेळासाठी मध्यम दर्जाचा संगणक घेणारा माणूस २४ किंवा २७ इंचांचा मॉनिटर घेतो, म्हणजे या कपातीतून त्याच्या पदरात एक रुपयाही पडायचा नव्हता. तोवर रॅमचे भाव मात्र चढू लागले होते. आम्ही ऑगस्टमध्ये ३२ जीबी रॅमची जोडी साडेआठ हजारांना घेतली. शेजाऱ्यांनी डिसेंबरात तशाच जोडीची चौकशी केली, तेव्हा त्यांना पंचवीस हजारांवरचा आकडा ऐकावा लागला.

हे कशामुळे झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. जगातील बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या कारखान्यांतून निघते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी महागडी मेमरी याच कंपन्या बनवतात आणि तिथे नफा जास्त असल्याने उत्पादनाचा ओघ तिकडे वळला. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी 'क्रुशियल' या नावाने चालणारा आपला किरकोळ ग्राहकांचा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. कापूस पिकवणाऱ्या आमच्या जिल्ह्याला हे चक्र नवे नाही. माल उदंड झाला की भाव पडतो, भाव पडला की पेरा घटतो आणि पेरा घटला की पुढच्या हंगामात टंचाई येते. रॅम २०१७ मध्ये महाग होती, २०१९ मध्ये उतरली, २०२३ मध्ये तर मातीमोल झाली आणि आता पुन्हा चढली आहे. या चढउताराचा पाडव्याशी किंवा दसऱ्याशी काडीचाही संबंध नाही.

ग्राफिक्स कार्डाचे वेळापत्रक वेगळे आहे. एनव्हिडिया या कंपनीच्या कार्डांच्या नव्या पिढ्या साधारण दोन वर्षांनी येतात. सप्टेंबर २०२०, ऑक्टोबर २०२२ आणि जानेवारी २०२५ असा गेल्या तीन खेपांचा क्रम आहे. मात्र आधी येतात ती लाखा-दीड लाखाची कार्डे. आपल्या खिशाला परवडणारी धाकटी भावंडे मागाहून येतात: ४०६० हे कार्ड जून २०२३ मध्ये आले, ५०६० मे २०२५ मध्ये. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीचे ९०६० एक्सटीही जून २०२५ मध्येच आले. ही कार्डे बाजारात येऊन दोन-चार महिने झाले, सुरुवातीचा तुटवडा ओसरला आणि मागच्या पिढीचा शिल्लक मालही दुकानात असला, की तो काळ मध्यम बजेटच्या ग्राहकाला अनुकूल असतो. आमचा ऑगस्ट असा अनायासे साधला. ती माझी हुशारी नव्हती, मुलीचे वसतिगृह सुटले म्हणून ती घरी आली होती, इतकेच. प्रोसेसरच्या बाबतीत तर घाईही नको आणि वाट पाहणेही नको, कारण मध्यम दर्जाचा सहा कोअरचा (सहा गणनकेंद्रांचा) प्रोसेसर पाच-सहा वर्षे सहज पुरतो. २०१७ साली एएमडीच्या एएम४ सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या त्या प्रकारच्या खोबणीचा, बोर्ड घेतलेल्या अनेकांना बायोस (बोर्डातील मूळ प्रणाली) अद्ययावत करून त्याच बोर्डावर २०२२ चा प्रोसेसर बसवता आला.

एखादा गाजणारा खेळ येईपर्यंत थांबण्याचा सल्लाही तरुण मंडळी एकमेकांना देत असतात. 'जीटीए ६' १९ नोव्हेंबर २०२६ रोजी येणार असे जाहीर झाले आहे, पण ते प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स या खेळयंत्रांसाठी. संगणकावरील आवृत्तीची तारीख त्या घोषणेत नाही. तरीही तिच्यासाठी आजपासून पैसे साठवून थांबणारे तरुण मला भेटले आहेत.

आता जुळणी कशी करावी, याविषयी. दुकानात पहिला प्रश्न 'बजेट किती?' हा विचारला जातो. माझ्या मते पहिला प्रश्न 'मॉनिटर कोणता आणि खेळ कोणते?' हा असायला हवा. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, अर्थात सुमारे पावणेएकवीस लाख. १४४०पी म्हणजे जवळजवळ सदतीस लाख. प्रत्येक चौकटीत, म्हणजे पडद्यावर क्षणोक्षणी बदलणाऱ्या प्रत्येक चित्रात, हे सगळे ठिपके रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे आहे, आणि चौकटीत काय घडते आहे याचा हिशेब आधी प्रोसेसर मांडून देतो. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्या वेगाने खेळ चालतो. 'व्हॅलोरंट'सारखे हलके आणि चुरशीचे खेळ खेळणाऱ्याला १०८०पीचा, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा) मॉनिटर आणि बऱ्यापैकी प्रोसेसर महत्त्वाचा. त्याने कार्डावर उगाच पैसे ओतू नयेत. 'सायबरपंक २०७७'सारखे देखणे खेळ १४४०पीवर पाहायचे असतील, तर निम्म्याच्या जवळपास रक्कम कार्डात जाणार, हे गृहीत धरावे. अशा वेळी कार्डावरील मेमरी ८ जीबी की १६ जीबी, हा प्रश्न नावातल्या आकड्यांपेक्षा मोठा ठरतो. आठ जीबी भरली, की उरलेला पसारा मुख्य रॅममध्ये जातो, तिथून तो खेचून आणताना चित्र अडखळते, आणि कार्डाचा वेग कितीही असला तरी तिथे त्याचा उपयोग होत नाही. एकाच नावाचे कार्ड दोन मेमरींत विकले जाते, त्यामुळे कोटेशनमध्ये नुसते '५०६० टीआय' किंवा '९०६० एक्सटी' लिहिलेले असेल तर पुढचा आकडा विचारून घ्यावा.

आमचा पहिला संगणक २०२३ मध्ये शहरातल्याच एका दुकानातून जुळवून घेतला होता. पुढून काच, आत सात रंगांचे पंखे, असे त्याचे रूप होते. आठ महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, वीज जाऊन आली आणि आतून फट्ट असा आवाज आला. उघडून पाहिले तेव्हा कळले की, कॅबिनेटबरोबर 'फुकट' दिलेल्या एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर, ५०० वॅट एवढाच छापील दावा होता. कंपनीचे नाव धड नव्हते आणि वीज वाया न घालवण्याची ग्वाही देणारी ८० प्लसची खूण तर नव्हतीच. हातात घेतला तर तो खोक्यासारखा हलका. जाताना तो मदरबोर्डही घेऊन गेला. प्रोसेसर 'ट्रे'चा, म्हणजे बिनखोक्याचा निघाला, त्यामुळे उत्पादक कंपनीची तीन वर्षांची हमी त्याला लागू नव्हती. बिल कच्चे होते. वीज खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाने पॉवर सप्लायचे नाव न विचारता पैसे मोजावेत, याची लाज मला अजून वाटते.

विजेचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी सांगतो. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास भार उचलतो. मध्यम दर्जाचा संगणक आणि मॉनिटर मिळून खेळताना तीनशे वॅटपर्यंत जाऊ शकतात, तेव्हा एक केव्हीएचा (१००० व्हीएचा) घ्यावा. दुसरे म्हणजे, कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर तो संगणकाचा दोष समजू नये. घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे कॅबिनेटही पुढून काचेचे न घेता जाळीचे घ्यावे, मग ते दिसायला कसेही असो.

दुसऱ्या खेपेला मुलीने यादी केली आणि मी तिच्यासोबत अमरावती एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोडच्या डॉ. भडकमकर मार्गावर, अर्धा दिवस फिरून आम्ही काही वस्तू घेतल्या आणि बाकीच्या ऑनलाइन मागवल्या. मॉनिटरसकट सगळे मिळून एक लाख आठ हजार झाले, त्यांतले ३८ हजार १६ जीबीच्या कार्डाचे. जुळणी जेवणाच्या टेबलावर झाली. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून तिने तो अलगद ठेवला आणि पट्टी दाबली, तेव्हा काळे प्लास्टिकचे झाकण टक्कन उडाले. काहीतरी मोडले असे समजून माझ्या छातीत धस्स झाले. ते तसेच उडते म्हणे. बटण दाबल्यावर पंखे फिरले, पडदा मात्र काळाच. 'बाबा, हात लावू नका, पहिल्यांदा रॅमची ओळख करून घ्यायला वेळ लागतो,' असे म्हणून ती शांत बसली आणि तीन-चार मिनिटांनी खरोखरच चित्र उमटले. पुढे खेळ लावला तर तो बैलगाडीच्या चालीने चालू लागला. तासभर डोके खाजवल्यावर मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या खोबणीत लावलेली सापडली! रायझन ५ ७६०० या आमच्या प्रोसेसरमध्येच किरकोळ ग्राफिक्सची सोय असल्यामुळे चित्र दिसत होते आणि चूक लक्षात येत नव्हती. ६००० च्या वेगाची म्हणून घेतलेली रॅमही बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सोय) चालू करेपर्यंत ४८०० नेच चालत होती, आणि विंडोजने १४४ हर्ट्झचा मॉनिटर मुकाट्याने ६० वर ठेवला होता. दुकानातून जुळवून आणलेल्या किती यंत्रांत या गोष्टी अजून तशाच पडून असतील, असा प्रश्न तेव्हापासून मला पडतो.

रॅम चढ्या भावात असताना काय करावे, असे शेजारी मला विचारतात. ज्यांच्याकडे डीडीआर४ या मागच्या पिढीच्या रॅमचा चालता संगणक आहे, त्यांनी बोर्ड आणि रॅमला हात न लावता फक्त कार्ड आणि गरज असल्यास त्याच सॉकेटचा वरचा प्रोसेसर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना शून्यातून सुरुवात करायची आहे, त्यांचे उत्तर इतके सरळ नाही. एरवी मी एकच रॅम घेण्याच्या विरोधात आहे, कारण जोडीने लावल्यास माहिती दुप्पट वेगाने वाहू शकते आणि खेळात तो फरक जाणवतो. तरीही ३२ जीबीची जोडी आवाक्याबाहेर असताना १६ जीबीची एक पट्टी घेऊन दुसरी खोबण रिकामी ठेवणे मला आठ-आठच्या जोडीपेक्षा शहाणपणाचे वाटते, कारण नंतर तशीच दुसरी पट्टी आणता येते आणि आधीची वाया जात नाही. अशा काळात तयार जुळवलेले संगणक आणि लॅपटॉपही तपासून पाहावेत. जुन्या भावाच्या रॅमचा साठा ज्यांच्याकडे असतो, त्यांचे यंत्र कधी कधी सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडते. पंधरा-वीस हजारांत मिळणाऱ्या इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या जुन्या यंत्रांपासून मात्र दूर राहावे. विंडोज १० चा आधार, म्हणजे नियमित सुरक्षा सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ही यंत्रे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत.

शहरातील व्यापारी बंधूंना माझी विनंती आहे की, कोटेशनमध्ये प्रत्येक भागाची कंपनी, मॉडेल आणि हमीची वर्षे लिहून द्यावीत आणि पक्क्या बिलावर अनुक्रमांक टाकावेत. अकोल्यासारख्या शहरातल्या ग्राहकाला हमीसाठी वस्तू कुरियरने बाहेरगावी धाडावी लागते, आणि तिथे पहिल्यांदा बिलच मागतात. आपणही पाडव्याच्या पुरवणीत जाहिरातींच्या शेजारी एखादा रकाना या माहितीला द्यावा.

कालच शेजारी नवे कोटेशन घेऊन आले होते. प्रोसेसर आणि कार्ड यांची नावे ठळक होती, पंख्यांचे रंगही नमूद होते. एसएमपीएससमोर मात्र '५०० वॅट' एवढेच. कंपनीचे नाव लिहून आणायला मी त्यांना परत पाठवले आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, अकोला