टाचण उत्तम, पण बल्ब लागत नाही : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : डी.एल.एड.च्या छात्राध्यापकांना प्राथमिक विज्ञान हाताने करायला लावणे आणि त्याचीच परीक्षा घेणे

सादर नमस्कार.

डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या दोन वर्षांच्या पदविकेला, प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळतो, शाखेची अट नाही. ती नसावीच. पण त्यामुळे कला किंवा वाणिज्य शाखेतून आलेल्या मुलामुलींचा विज्ञानाशी संबंध दहावीच्या पेपराबरोबर संपलेला असतो. पुढच्या दोन वर्षांत आम्ही, त्यांना शिकवणारे अध्यापकाचार्य, त्यांना टाचण (पाठाची लेखी पूर्वतयारी) काढायला शिकवतो, सराव पाठांचे निरीक्षण करतो, उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे लिहून घेतो. विज्ञान कसे शिकवावे याला वेळ आहे. खुद्द विज्ञानाला वेळापत्रकात जागा उरत नाही, कारण ते येतेच असे गृहीत धरलेले आहे. हीच मुले उद्या तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास शिकवणार, आणि पदवी घेतली की त्यांतली काही सहावी ते आठवीच्या सामान्य विज्ञानावर जाणार.

छात्राध्यापकाच्या हातात टॉर्चचा एक बल्ब, दीड व्होल्टचा एक सेल आणि 15 सेंमी वायरचा एकच तुकडा द्या आणि बल्ब लावायला सांगा. ज्यांना विद्युत परिपथाची व्याख्या तोंडपाठ आहे, असे अनेक जण इथे अडतात. बल्ब सेलच्या डोक्यावर ठेवतात आणि वायरची दोन टोके सेलच्याच दोन टोकांना लावतात. बल्ब लागत नाही, वायर तापते, सेल मरतो. बल्बलाही दोन टोके असतात, एक खालचा ठिपका आणि दुसरे बाजूचा धातूचा आटा, हे चित्रात लहानपणापासून पाहिलेले असते, हाताला माहीत नसते. ठिपका सेलच्या बटणावर टेकवायचा, वायरचे एक टोक सेलच्या बुडाला आणि दुसरे आट्याला लावायचे, एवढेच काम आहे.

अलीकडे त्यात नवी भर पडली आहे. तारेचे बल्ब बाजारातून नाहीसे होत चालल्याने दुकानदार एलईडी देतो. एका सेलवर एलईडी लागत नाही, कारण लाल एलईडीला साधारण 1.8 ते 2 व्होल्ट लागतात आणि पांढऱ्याला 3 च्या आसपास. शिक्षक सेल बदलतो, मग एलईडी बदलतो, शेवटी फळ्यावर आकृती काढून तास संपवतो. दोन सेल एकापुढे एक जोडले आणि एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे ठेवला की काम होते. पाय उलटे लावले की होत नाही. घाई करून 9 व्होल्टची बॅटरी थेट लावली तर एलईडी जळतो. ही माहिती दोन ओळींची आहे, पण ती कोणत्याही अध्यापक विद्यालयाच्या प्रश्नपत्रिकेत विचारली जात नाही. भिंतीवरच्या 230 व्होल्टच्या प्लगला यातले काहीही लावायचे नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगावे लागते.

त्याहून घातक प्रकार म्हणजे प्रयोग दिसायला यशस्वी होतो आणि निष्कर्ष चुकीचा निघतो. मेणबत्तीचा प्रयोग घ्या. ताटलीत सेंटिमीटरभर पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर पालथा काचेचा ग्लास. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढते. सराव पाठात ठरलेले वाक्य येते : ‘मेणबत्तीने ऑक्सिजन वापरला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो.’ निरीक्षक खाली ‘उत्तम’ लिहितो.

हे चूक आहे, आणि ते त्याच ताटलीत दाखवता येते. ग्लास ठेवताना कडेखालून बुडबुडे बाहेर पडताना दिसतात. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावून त्या वाटेने निसटते. पाणी चढते ते मुख्यतः ज्योत विझल्यानंतर, एकदम. ऑक्सिजन संपत गेल्यामुळे चढत असते तर ज्योत चालू असतानाच हळूहळू चढायला हवे होते. मग त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी आणखी वर जाते, कारण हवा जास्त तापली आणि जास्त निसटली. उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरचा हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफही तयार होते, आणि ऑक्सिजन 16 टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते, म्हणजे बराचसा आतच उरतो. एक पंचमांशाचा आकडा जुळला तर तो योगायोग समजावा.

ऑक्सिजनचे प्रमाण खरेच मोजायचे असेल तर लोखंड गंजू द्यावे. बारीक स्टील वूल पाच मिनिटे व्हिनेगरमध्ये बुडवून झटकायचे, म्हणजे त्यावरचा तेलाचा थर जातो. ते परीक्षानळीच्या तळाशी कोंबायचे आणि नळी पाण्याच्या भांड्यात पालथी उभी करायची. नळीला कागदाची पट्टी चिकटवून पाच सारखे भाग आखून ठेवायचे. दोनेक दिवसांत पाणी जवळपास एक भाग चढते आणि थांबते. इथे फसण्याची जागा एकच आहे. घरातली भांडी घासायची चकचकीत घासणी आणली तर आठवड्यानेही काही होत नाही, ती स्टेनलेस स्टीलची असते. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशसाठी मिळते ते स्टील वूल हवे.

स्वयंपाकघरातून आणलेल्या वस्तूंचीही हीच गत. हळदीचा कागद साबणाच्या पाण्याने लाल होतो, हे सगळ्यांना जमते. लिंबू लावल्यावर तो पिवळाच राहतो, तरी जर्नलमध्ये ‘आम्लात हळद पिवळी झाली’ असे लिहिले जाते. ती आधीपासून पिवळीच होती! हळदीवरून आम्ल आणि साधे पाणी वेगळे ओळखता येत नाही. त्यासाठी जास्वंदीच्या चार-पाच पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात भिजवाव्यात. ते पाणी लिंबाने गुलाबी आणि खाण्याच्या सोड्याने हिरवट होते. पिष्ट ओळखताना औषधाच्या दुकानातले आयोडीन चहाच्या रंगाइतके पातळ करून घ्यावे, आणि भात थंड असावा. गरम भातावर निळा रंग टिकत नाही, आणि मग ‘भातात पिष्ट नाही’ असा निष्कर्ष निघू शकतो.

आकाशाच्या बाबतीत परिस्थिती आणखी नाजूक आहे. तिथे चूक पकडायला ताटली-ग्लासही नसतो. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते, ही समजूत भावी शिक्षकांत सर्रास आढळते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किमीवर, आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, सुमारे 15.2 कोटी किमीवर. ऋतू होतात ते साडेतेवीस अंशांच्या कलामुळे. कक्षा अंड्यासारखी लांबट दाखवणारे तक्ते अजून भिंतींवर आहेत. ते तक्ते उतरवायला खर्च येत नाही.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, ही दुसरी समजूत. तिचे उत्तर दिनदर्शिकेत आहे. कृष्ण अष्टमीच्या सुमारास सकाळी नऊ वाजता मुलांना मैदानात आणून पश्चिमेकडे पाहायला सांगावे. अर्धा चंद्र दिसतो, आणि त्याच वेळी पूर्वेला सूर्यही असतो. सूर्य आणि चंद्र दोन्ही आपल्यासमोर आकाशात आहेत, तर पृथ्वीची सावली चंद्रावर पडणार कशी? मग अंधाऱ्या खोलीत एक उघडा बल्ब लावून, पेन्सिलीवर खोचलेला पांढरा चेंडू हात लांब करून धरायचा आणि स्वतःभोवती डावीकडे वळत जायचे. सगळ्या कला क्रमाने दिसतात. चेंडू डोक्याच्या रेषेत धरला तर पौर्णिमेला आपल्याच डोक्याची सावली त्यावर पडते आणि छात्राध्यापक ‘बघा, सावली’ म्हणून जुन्याच समजुतीवर परत जातो. ते ग्रहण झाले. चेंडू थोडा वर धरायचा, कारण चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली आहे.

आणि दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो, हे वाक्य तर कायमचे बंद व्हावे. पुण्यात सूर्य माथ्यावर, म्हणजे दिवसातला सर्वांत उंच, येतो तो वर्षभरात साधारण 12:18 ते 12:49 च्या दरम्यान. नागपूर पूर्वेला असल्याने तिथे तो पुण्याच्या सुमारे 21 मिनिटे आधी येतो. बरोबर डोक्यावर तर वर्षातून दोनच दिवस : एकदा मेमध्ये, पुण्यात महिन्याच्या मध्यात आणि नागपुरात शेवटच्या आठवड्यात, आणि दुसऱ्यांदा जुलैत. मेमध्ये शाळेला सुट्टी असते आणि जुलैत ढग. म्हणून थंडीत एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करून पावणेबारा ते सव्वा एक दर दहा मिनिटांनी सावलीचे टोक खडूने नोंदवावे. सर्वांत आखूड सावली ही त्या गावाची खरी उत्तर-दक्षिण रेषा. हे काम एका दुपारचे आहे आणि त्यातून भूगोलाचे दोन धडे होतात.

हे सारे शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) पास झालेल्यांच्या बाबतीत कसे घडते, हा प्रश्न रास्त आहे. पहिली ते पाचवीच्या पेपरात 150 गुण असतात. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी 30. खुल्या प्रवर्गाला पात्रतेसाठी 90 लागतात. बाकीच्या चार विभागांचे 120 गुण होतात, म्हणजे परिसर अभ्यासात शून्य मिळवूनही शिक्षक होता येते. शिवाय त्या 30 गुणांत इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र असल्याने विज्ञानाच्या वाट्याला मोजके प्रश्न येतात, आणि तेही ‘ड जीवनसत्त्वाच्या अभावी कोणता रोग होतो’ या छापाचे. सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सेवेतल्या हजारो शिक्षकांनाही ही परीक्षा देणे भाग आहे. राज्यातले शिक्षक एकाच वेळी एवढ्या संख्येने विज्ञानाचे पुस्तक उघडणार असतील, तर त्यांना पाठांतराच्या कामाला लावणे ही उधळपट्टी होईल.

प्रश्न असा विचारता येतो : ‘एक मूल म्हणते, पौर्णिमेनंतर पृथ्वीची सावली पडून चंद्र लहान होतो. पुढीलपैकी कोणते निरीक्षण हे चूक असल्याचे दाखवेल?’ हाही बहुपर्यायीच आहे, तपासायला तितकाच सोपा आहे, पण गाइड वाचून सुटत नाही. परीक्षा परिषदेने परिसर अभ्यासात निदान दहा गुण विज्ञानाच्या अशा प्रश्नांना द्यावेत आणि त्या विभागात किमान गुणांची अट घालावी. प्रश्न तपासून घ्यायला मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र राज्यातच आहे.

डी.एल.एड.च्या पहिल्या वर्षी विज्ञान करण्यासाठी स्वतंत्र 60 तास हवेत. पद्धतीच्या तासांत ते मिसळू नयेत. मिसळले की तक्ते रंगवण्यात जातात. वर्षाअखेरीस 50 गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असावी. चिठ्ठी उचलायची, साहित्य घ्यायचे, 20 मिनिटांत प्रयोग उभा करायचा. त्यासाठी 15 गुण पुरेत. उरलेले 35 गुण परीक्षकाने मुद्दाम केलेला बिघाड ओळखण्याला द्यावेत : एनॅमल न खरवडलेली तांब्याची तार, उलटा एलईडी, स्टेनलेस घासणी, गरम भात. काय बिघडले आणि का, हे ज्याला सांगता येते तो पाचवीच्या वर्गात निभावून नेतो. परीक्षक दुसऱ्या विद्यालयाचा असावा, नाहीतर सगळ्यांना 48 पडतील, हे आम्ही आमच्याच व्यवसायाबद्दल बोलत आहोत.

आम्हा अध्यापकाचार्यांचीही परीक्षा याच साहित्यावर घ्यावी. आमच्यातले कित्येक भाषेचे किंवा समाजशास्त्राचे पदवीधर आहेत आणि पदे रिक्त असल्याने विज्ञान घेतात. त्यांच्यासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने (डाएट) दर सत्रात दोन दिवस ठेवावेत. व्याख्यान नको, टेबलावर साहित्य हवे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रातली मुक्तांगण विज्ञान शोधिका टाकाऊ वस्तूंतून असे काम वर्षानुवर्षे करत आली आहे, तिथली रीत पाहून यावी.

साहित्याबद्दल शेवटची, पण सर्वांत कळीची विनंती. कृपया निविदा काढून तयार विज्ञान पेट्या पाठवू नयेत. 40 छात्राध्यापकांच्या एका विद्यालयाला वर्षाला 40 सेल, 20 टॉर्चचे बल्ब, 20 लाल एलईडी, 10 मीटर वायर, 50 मेणबत्त्या, 10 परीक्षानळ्या, स्टील वूलचे एक पाकीट, व्हिनेगरची एक बाटली आणि आयोडीनच्या दोन लहान बाटल्या लागतात. हे तालुक्याच्या बाजारात मिळते, प्राचार्यांना अग्रिम द्यावा आणि पावत्या घ्याव्यात. आणि यातली एकही वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ मालमत्तेच्या नोंदवहीत, चढवली जाणार नाही, असे शासन निर्णयात स्पष्ट लिहावे. तिथे चढलेला बल्ब फुटला की वसुलीची भीती असते, म्हणून पेटी कपाटात राहते आणि कपाटाची किल्ली रजेवर जाते. सेल संपणार, बल्ब जाणार, परीक्षानळ्या फुटणार. ‘वापराने संपणारे साहित्य’ या नोंदवहीत त्यांची नोंद पुरेशी आहे. हा आदेश येत्या प्रवेश फेरीआधी निघाला तर जुलैपासून काम सुरू करता येईल.

आपले विश्वासू,
अध्यापक विद्यालयांत विज्ञान शिकवणारे काही अध्यापकाचार्य